हॉस्टेलमधून काढलं ते वागण्यासाठी की आजारासाठी?

कृष्णाकाठ

माझा भाचा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. ताईला आणि भाच्याला विचारूनच हे लिहितोय.

दिवाळीनंतर तो हळूहळू मिटत गेला. सकाळची लेक्चर्स बुडायला लागली, जर्नल्स अपुरी, सबमिशनच्या सह्या राहिलेल्या. रात्रभर जागा, दिवसा डोक्यावरून पांघरूण. घरी फोनवर 'सगळं ठीक आहे' एवढंच. मग एका रात्री त्याने मेसच्या दाराची काच फोडली आणि थेट गच्चीवर जाऊन बसला. रूममेट मागोमाग गेला. त्याला हा म्हणाला, 'मला आता जगायचं नाही.' त्या पोराने त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं, दुसऱ्याला वॉचमनकडे पिटाळलं आणि तिघांनी मिळून त्याला खाली आणलं. काचेमुळे हाताला टाके पडले, बाकी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी दुपारी हातात शिस्तपालन समितीची नोटीस पडली. त्यात तीन आरोप आहेत. रात्री दहानंतर परवानगीशिवाय गच्चीवर जाणे, संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान करणे आणि 'इतर विद्यार्थ्यांमध्ये भीतीचे वातावरण निर्माण करणे'. हा तिसरा आरोप म्हणजे त्याचं ते एक वाक्य. जीव नकोसा झाला असं मित्राला सांगणं हा गुन्हा म्हणून कागदावर आला. आजार, डॉक्टर, उपचार यातलं काहीही त्या कागदावर नाही.

भाऊजी साखर कारखान्यात कामाला आहेत. गाळप हंगाम ऐन भरात, तरी रजा टाकून गेले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्यांच्यापुढे टाईप केलेलं हमीपत्र ठेवलं: पाल्याच्या जिवाचे काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. त्यांनी सही न करता मुदत मागितली. मग 'संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा' असं तोंडी सांगण्यात आलं. परत यायचं तर मानसोपचारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट आणा, त्यात 'पुन्हा असा प्रकार होणार नाही' असं लिहिलेलं हवं.

काचेचे पैसे भरायला आमची ना नाही. ते भरायलाच हवेत. माझं म्हणणं बाकीच्याबद्दल आहे. मी सामान न्यायला गेलो तेव्हा तो रूममेट जिन्यात थांबला होता. मला म्हणाला, "मामा, मी वॉचमनला उठवायला नको होतं का?" सगळ्या मजल्यावरच्या मुलांनी हाच धडा घेतलाय. पुढच्या वेळी कुणाला असं वाटलं तर तो बोलणार नाही आणि ज्याला कळेल तोही गप्प बसेल. या शिक्षेने नेमकं कुणाचं रक्षण झालं?

पुढच्या आठवड्यात समितीपुढे जायचंय. कायद्याचं, डॉक्टरकीचं, कॉलेजच्या आतलं ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगा. विरोधी मत असेल तर तेही हवंय, कारण समितीत तेच ऐकायला मिळणार आहे.

शेवंती

आधी मुलाचं सांगा. डॉक्टरांना दाखवलंय ना? कागदपत्रं नंतर. टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने चालू केलेली सेवा आहे, पैसे लागत नाहीत. ताईंनाही द्या हा नंबर, त्यांनाही बोलायची गरज असेल. आणि त्या रूममेटला कुणीतरी मोठ्याने स्पष्ट सांगा की तू केलंस ते बरोबर केलंस.

कृष्णाकाठ

हो, जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या चालू आहेत. घरून एसटीने जाऊन येण्यातच दिवस मोडतो. रूममेटच्या घरी मी स्वतः फोन करून त्याच्या आईवडिलांचे आभार मानले.

जुना_रेक्टर

मी बरीच वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो, आता निवृत्त आहे. तुम्ही विरोधी मत मागितलंत म्हणून मोकळेपणाने लिहितो.

चारशे मुलं, रात्रीचा एक वॉचमन, आणि कॅम्पसवर राहणारा एकटा रेक्टर. अशा रात्रीनंतर सकाळी सातपासून बाकीच्या पालकांचे फोन सुरू होतात. 'आमच्या मुलाला त्या खोलीत ठेवू नका.' काही विपरीत घडलं तर पोलीस पहिल्यांदा रेक्टरचा जबाब घेतात, संस्थाचालक पहिल्यांदा रेक्टरला बोलावतात, वर्तमानपत्रात 'हॉस्टेल प्रशासनाचा हलगर्जीपणा' छापून येतो. त्या रात्री मी काय केलं असतं? मुलाला खोलीत एकटं सोडलं नसतं आणि घरच्यांना बोलावून घेतलं असतं. घरी पाठवणं दरवेळी शिक्षाच असते असं नाही. घरी आई शेजारी झोपते. हॉस्टेलमध्ये रात्री तीन वाजता शेजारी कोण बसणार? रूममेट? त्याचीही परीक्षा असते.

पण हे शिस्तपालन समितीत न्यायचं काही कारण नव्हतं. मी असल्या मुलांची वैद्यकीय रजा लिहून घ्यायचो. रजेचा अर्ज, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि खोली त्याच्याच नावावर. गादी गुंडाळून कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात. मुलगा घरी जाताना 'तुझी कॉट तुझीच आहे' हे त्याला माहीत असायचं. नोटीस दिली की तोच मुलगा 'मला काढलं' म्हणून जातो. जाणं तेच, पण परत यायची वाट एकात असते आणि दुसऱ्यात नसते.

खडूफळा

मी पदवी महाविद्यालयात शिकवते, आमच्या शिस्तपालन समितीवरही आहे. कृष्णाकाठ, तुमच्या भाच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण दुसरी बाजूही मांडायला हवी. एप्रिल उजाडला की 'डिप्रेशन'चं सर्टिफिकेट घेऊन रांग लागते. पंचाहत्तर टक्के हजेरी भरलेली नाही, परीक्षेला बसू न देण्याच्या 'डिटेन' यादीत नाव आलं, की दुसऱ्या दिवशी कागद हजर. तीच सही, तोच मजकूर, फक्त नाव बदललेलं. मागच्या वर्षी एका मुलाने प्रयोगशाळेत सहाय्यकावर हात उगारला आणि पालक म्हणाले, त्याला अँक्झायटी आहे. त्या सहाय्यकाने काय करायचं? 'आजार आहे' म्हटलं की सगळं माफ, असा पायंडा पडला तर खरोखर आजारी असलेल्यांवरच कुणी विश्वास ठेवणार नाही.

रानवारा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. खडूफळा यांचा मुद्दा खरा आहे, पण त्यावरचा उपाय शिक्षा कडक करणं हा नाही.

पहिली गोष्ट. अठरा ते पंचवीस हे वय म्हणजे गंभीर मानसिक आजार पहिल्यांदा डोकं वर काढण्याचं वय. बायपोलर, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी नैराश्यात जाण्याचा आजार, त्यातली तेजीची अवस्था बाहेरून कशी दिसते? मुलगा तीन-तीन रात्री झोपत नाही, मोठमोठ्याने बोलतो, प्राध्यापकांशी वाद घालतो, उधळपट्टी करतो, मध्यरात्री बाइक घेऊन सुटतो. समितीला हा उर्मट मुलगा दिसतो. नैराश्यात चिडचिड हे मोठं लक्षण असू शकतं, विशेषतः तरुण मुलांमध्ये. रडणारा मुलगा आजारी आणि काच फोडणारा मस्तवाल, अशी वाटणी आपण करतो. आजार असं काही बघत नाही.

दुसरी गोष्ट, औषधं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. काही गोळ्यांनी सकाळी गुंगी राहते. 'पंधरा दिवसांत वागणं सुधारा आणि सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला हजर राहा' अशा अटी कॉलेजं घालतात. आधी डॉक्टरांना एक फोन केला तर त्या घालणार नाहीत.

तिसरी, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, ते सर्टिफिकेट. 'पुन्हा असा प्रकार होणार नाही' असं जगातला कोणताही प्रामाणिक मानसोपचारतज्ज्ञ लिहून देऊ शकत नाही. पुन्हा हार्ट अटॅक येणार नाही असं हृदयरोगतज्ज्ञ तरी लिहून देतो का? आम्ही काय लिहू शकतो ते सांगते: रुग्ण अमुक तारखेपासून उपचार घेत आहे, आजच्या तपासणीत धोका कमी वाटतो, वर्गात बसायला आणि हॉस्टेलमध्ये राहायला हरकत नाही, इतक्या दिवसांनी पुन्हा तपासणी, आणि कॉलेजने या दोन-तीन सोयी कराव्यात. एवढंच. कॉलेज याहून जास्त मागतं तेव्हा एक तर पालक असा कागद विकणाऱ्याकडे जातात किंवा मुलगा कायमचा बाहेर राहतो. खडूफळा, तुमच्याकडे एप्रिलमध्ये येणारी ती एकाच सहीची सर्टिफिकेटं अशीच तयार होतात. जिथे खरं बोलून काही मिळत नाही तिथे खोट्याचा बाजार भरतो.

आणि नाही, आजार म्हणजे सगळं माफ नाही. रॅगिंग, छेडछाड, कुणाला मारहाण, यात समोर दुसरा माणूस आहे आणि त्याला संरक्षण मिळालंच पाहिजे. अशा ठिकाणी कारवाई करा, फक्त काय कारवाई करायची ते ठरवण्याआधी तपासणी करून घ्या. पण ज्यात मुलाने फक्त स्वतःला इजा केली किंवा करायचा विचार बोलून दाखवला, ते शिस्तीच्या फाईलमध्ये जाताच कामा नये.

काळा_कोट

वकील आहे, विद्यापीठांविरुद्धची प्रकरणं चालवली आहेत. कृष्णाकाठ, समितीपुढे जाताना कामाला येईल एवढंच लिहितो. तुमच्या प्रकरणाची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, तेव्हा स्थानिक वकिलाला दाखवाच.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये झाला, मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तसं नव्हतं हे सिद्ध होईपर्यंत, आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, तिला शिक्षा करायची नाही. उलट तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं, जुन्या दंड संहितेतल्या ३०९ सारखं सरसकट कलमच उरलं नाही. २२६ आहे, पण ते सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं. आता कुणी म्हणेल हे फौजदारीचं झालं, कॉलेजच्या नियमांना ते कुठे लागू? शब्दशः नाही लागू. पण जे देशाने गुन्हा मानायचं थांबवलं त्यासाठी कॉलेज नोटीस काढतंय, हे समितीला समोर बसून विचारा. तुमच्या भाच्याने तर प्रयत्नही केलेला नाही, फक्त सांगितलं.

दुसरा कायदा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. यातल्या एकवीस प्रकारांत मानसिक आजारही आहे. मात्र दीर्घकालीन आणि गंभीर स्वरूपाचा हवा. परीक्षेची धास्ती यात बसत नाही. आजार यात बसत असेल तर शिक्षणसंस्थेला वाजवी सोयी द्याव्या लागतात.

आणि एक निकाल जरूर हाताशी ठेवा: रविंदर कुमार धारिवाल विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर २०२१. सीआरपीएफमधल्या अधिकाऱ्यावर गैरवर्तनाची विभागीय चौकशी लावली होती. त्याला आधीपासून मानसिक आजार होता. न्यायालयाने म्हटलं की आजारामुळे अशा माणसाला शिस्तीचे नियम पाळणं इतरांपेक्षा जड जातं, म्हणून त्याच नियमांखाली त्याच्यावर कारवाई लावणं हा अप्रत्यक्ष भेदभाव होतो. आणि आजार हेच वागण्याचं एकमेव कारण होतं असं सिद्ध करायची गरज नाही, अनेक कारणांपैकी ते एक होतं एवढं दाखवलं तरी पुरे. निकाल नोकरीबद्दलचा आहे, विद्यार्थ्यांना तो जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण विचार तोच आहे आणि कुठल्याही समितीला तो वाचून दाखवता येतो.

हमीपत्रावर सही करू नका. पालकाच्या एका सहीने संस्थेचं काळजी घेण्याचं कर्तव्य पुसलं जात नाही, पण उद्या तोच कागद तुमच्या तोंडावर टाकतील.

दूरदेशी

अमेरिकेत एका विद्यापीठात काम करते, विद्यार्थी कार्यालयात. इथे हा वाद वीस वर्षं जुना आहे आणि कृष्णाकाठ यांच्या भाच्याची नोटीस वाचताना मला वॉशिंग्टनमधलंच प्रकरण आठवलं.

२००४ साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातला एक विद्यार्थी नैराश्यासाठी स्वतःहून हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. मदत मागितली, जे करायला आपण सगळे सांगतो ते केलं. विद्यापीठाने त्याला वसतिगृहात यायला बंदी केली आणि आचारसंहिता मोडल्याचा ठपका ठेवून शिस्तभंगाची कारवाई सुरू केली. त्याने दावा लावला, २००६ मध्ये तडजोड झाली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजने हॉस्पिटलमधून परतलेल्या विद्यार्थिनीच्या खोलीचं कुलूप बदललेलं होतं. तिथेही २००६ मध्ये ६५,००० डॉलर्स देऊन तडजोड झाली.

त्यानंतर इथल्या विद्यापीठांनी नोटिशीची भाषा सोडली आणि 'सक्तीची वैद्यकीय रजा' सुरू केली. जुना_रेक्टर, तुमच्या रजेचं मला कौतुक आहे, पण इथला अनुभव सावध करणारा आहे. रजा म्हणायचं, आणि मुलाला दोन-तीन दिवसांत कॅम्पस सोडायला लावायचं, आरोग्यविमा बंद, ग्रंथालय बंद, मित्रांना भेटायला यायचं तरी परवानगी लागणार. परत यायचं तर नव्याने प्रवेश मागितल्यासारखं. स्टॅनफर्डवर २०१८ मध्ये दावा झाला, पुढच्या वर्षी तडजोड होऊन रजेचं धोरण बदललं. येलवर नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये मिटला. आता तिथे आजारी विद्यार्थ्याला कमी विषय घेऊन शिकत राहता येतं, रजेवर असतानाही विमा टिकवता येतो. म्हणजे नाव रजा असो की निलंबन, मुलाचं काय काय तुटतं ते मोजायचं.

इथे मुलं पाठवलेल्या मराठी पालकांसाठी एक सांगते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला वैद्यकीय कारणाने कमी विषय घ्यायची परवानगी मिळू शकते, एका पदवीच्या टप्प्यात एकूण बारा महिन्यांपर्यंत. पण विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची मंजुरी हवी. मुलं व्हिसाच्या भीतीने आजार लपवतात आणि मग नापास होऊन व्हिसाच गमावतात.

जाईजुई

इतका वेळ नुसतं वाचत होते. मला रूममेटच्या बाजूने लिहायचंय, कारण मी ती होते.

माझी रूममेट शेवटच्या वर्षाला आजारी पडली. हळूहळू माझी झोप कुत्र्यासारखी सावध झाली. तिने कूस बदलली की मी जागी. ती बाथरूमला गेली की मी मिनिटं मोजायचे. तिच्या गोळ्यांची पट्टी माझ्या कपाटात, कारण ती तिच्याजवळ ठेवायची नाही असं तिच्या आईने मला फोनवर सांगितलेलं. मी एकवीस वर्षांची होते. माझा एक विषय राहिला त्या सेमिस्टरला. मॅडमना सांगायचं धाडस झालं नाही, कारण आमच्या आधीच्या बॅचच्या एका मुलीला असंच सामानासकट घरी पाठवलेलं सगळ्यांना ठाऊक होतं. सांगितलं तर तिला काढतील आणि ते माझ्यामुळे होईल. न सांगितलं तर काहीतरी होईल आणि तेही माझ्यामुळेच.

म्हणून कृष्णाकाठ, तुमच्या भाच्याला काढल्याने बाकीची मुलं गप्प बसतील हे तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. पण जुना_रेक्टर म्हणतात तेही खरं आहे. तिला माझ्या भरवशावर त्या खोलीत ठेवणं हेही बरोबर नव्हतं. तिला काढू नका आणि मला पहारेकरी करू नका, असं तेव्हा कुणाला तरी सांगायचं होतं. तसं कोणी नव्हतंच. समुपदेशक होत्या, बुधवारी दुपारी दोन तास, त्याही ऑफिसच्या काचेच्या केबिनमध्ये, बाहेर फी भरायची रांग.

जुना_रेक्टर

जाईजुई, हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या बैठकांमध्ये रूममेटचा विषय 'साक्षीदार' म्हणून यायचा. त्याच्यावरही ओझं आहे असं म्हणून कधी आला नाही.

माळरान

एक मुद्दा राहतोय. तुम्ही सगळे आजारामुळे वागणं बिघडलं असं धरून बोलताय. कधी उलट असतं, कारवाईच माणसाला आजारी करते. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून बाहेर काढलं होतं, जानेवारी २०१६ मध्ये रोहितने आत्महत्या केली. आणि नोटीस कुणाला मिळते हेही बघा. ज्याच्या वडिलांची ओळख आहे त्याला केबिनमध्ये चहा आणि 'समजावून सांगा' असतं. ज्याचा बाप हंगामी कामगार, त्याच्यापुढे टाईप केलेलं हमीपत्र आधीच तयार असतं. आमच्या गावाकडून पहिल्यांदा शिकायला गेलेल्या मुलाच्या घरी 'कॉलेजने काढलं' ही बातमी गेली की ती बातमी मुलाआधी गावात पोचते. मग परत जायचं कुठे?

खडूफळा

माळरान, हे पटतं. आमच्या समितीतही पालक इंग्रजीत बोलले की सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

रानवारा यांचं सर्टिफिकेटबद्दलचं वाचून मी आमचा नमुना काढून पाहिला. आमच्या अर्जातही 'पूर्णपणे बरा आहे' असंच छापलेलं आहे. हे कुणी लिहिलं, कधीपासून आहे, ऑफिसात कुणालाच माहीत नाही. आता मला एक सांगा काळा_कोट, हजेरीचं काय करायचं? ती तर विद्यापीठाची अट आहे, आमच्या हातात काय?

काळा_कोट

हजेरीच्या नियमांत वैद्यकीय कारणासाठी सवलत देण्याची तरतूद बहुतेक विद्यापीठांच्या अध्यादेशांत असते. अडचण अशी की ताप, अपघात, बाळंतपण चालतं आणि मानसिक आजाराच्या कागदाकडे संशयाने बघतात. तो फरक करायला कायद्याचा आधार नाही; २०१७ च्या कायद्याने मानसिक आणि शारीरिक आजारांना समान वागणूक द्यायला सांगितलंय.

दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हटलं की कायद्याच्या विद्यार्थ्यांना हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसण्यापासून रोखता येणार नाही. हजेरीवरून परीक्षेला बसू न दिलेल्या एका विद्यार्थ्याने २०१६ मध्ये जीव दिला होता, त्या प्रकरणातून हा निकाल आला. तो विधी अभ्यासक्रमापुरता आहे, इंजिनिअरिंगला लागू नाही. पण नियम माणसाचं काय करतो हे न्यायालयं आता बघायला लागली आहेत.

आणखी दोन गोष्टी २०२५ मधल्याच. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांमधल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं, निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट अध्यक्ष. आणि २५ जुलैला सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात पंधरा मार्गदर्शक तत्त्वं दिली, कायदा होईपर्यंत ती सगळ्या शिक्षणसंस्थांवर बंधनकारक आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये ठळक लावलेले हवेत. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. कृष्णाकाठ, समितीला लेखी विचारा: त्या रात्री तुमचा समुपदेशक कुठे होता आणि नोटीस काढण्याआधी त्याचं मत घेतलं का? याचं उत्तर इतिवृत्तात यायला हवं.

समितीने ऐकलं नाही तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान नसेल तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. तोंडी बोलण्यावर काही सोडू नका, 'संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा' हा आदेशही लेखी मागा.

शेवंती

नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्यूरोच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रात. सगळ्या राज्यांत आपण पहिले. हे समितीपुढे वाचून दाखवा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल समिती झाली, थोडक्यात सांगतो.

भाऊजी आणि मी दोघं गेलो. भाच्याला यायचं होतं, डॉक्टर म्हणाल्या आत्ता नको. त्यांचं पत्र नेलं, रानवारा यांनी लिहिलंय साधारण तसंच. काचेचे पैसे आधीच काउंटरवर भरून पावती घेतली होती, ती पहिल्यांदा टेबलावर ठेवली. त्याने खोलीतली हवा जरा बदलली. मग भाऊजी बोलले. मला वाटलं होतं मीच बोलेन. ते म्हणाले, "साहेब, माझ्या पोराने मित्राला खरं सांगितलं म्हणून तो आज आहे. त्या खरं बोलण्यावरचा गुन्हा तेवढा काढून टाका, बाकी काय दंड लावायचा तो लावा."

तिसरा आरोप नोटिशीतून वगळायला तयार झाले आहेत. हमीपत्राचा विषय निघाला नाही, आम्हीही काढला नाही. हॉस्टेल मात्र या सत्रात नाही म्हणाले, पुढच्या जूनमध्ये 'विचार करू'. मी ते लेखी मागितलं, चार दिवसांनी देतो म्हणाले. समुपदेशकाबद्दल विचारलं तर पद मंजूर आहे, भरलेलं नाही. हजेरीसाठी वैद्यकीय सवलतीचा अर्ज घेतला, पोच दिली. तोवर तो कॉलेजजवळ खोली घेऊन राहील, ताई सोबत राहणार आहे. घर दोन ठिकाणी चालवायचं म्हणजे भाऊजींची ओढाताण आहेच.

समाधान झालंय का? नाही. तक्रार निवारण समितीकडे हॉस्टेलसाठी अर्ज करणार आहोत.

खडूफळा

भाऊजींना माझा नमस्कार सांगा.

आमच्या महाविद्यालय विकास समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तिथे मी नियमावलीत बदल मांडणार आहे. काळा_कोट, रानवारा, मसुद्याला मदत कराल का? माझ्या डोक्यात एवढं आहे: स्वतःला इजा करणं किंवा तसा विचार बोलून दाखवणं शिस्तभंग समजलं जाणार नाही. अशी माहिती देणाऱ्या विद्यार्थ्यावर कोणतीही कारवाई नाही. इतर प्रकरणांत विद्यार्थी उपचार घेत असेल तर समितीने निर्णयाआधी त्याच्या संमतीने डॉक्टरांचं मत घ्यावं. आणि सर्टिफिकेटचा तो छापील नमुना रद्द.

काळा_कोट

'त्याच्या संमतीने' हे ठळक ठेवा, उपचारांबद्दलची गोपनीयता हा कायद्याने दिलेला हक्क आहे. समितीत किती जण ते पत्र वाचतील तेही ठरवा. आणि रजेचं वेगळं कलम घाला: खोली राखून ठेवणार, फी पुन्हा घेणार नाही, परत येण्यासाठी काय लागेल ते जातानाच लेखी देणार.

जाईजुई

रूममेटला खोली बदलून मागता यावी, कारण न सांगता. आणि आजारी मुलीच्या गोळ्या, पहारा, घरच्यांचे फोन हे रूममेटवर टाकायचं नाही, असं स्पष्ट लिहा.

जुना_रेक्टर

मसुद्यात रात्रीचा पहिला फोन कुणाला करायचा ते नाव आणि मोबाइल नंबरासकट लिहा, आणि ते न उचलल्यास दुसरा नंबर. 'योग्य त्या अधिकाऱ्यास तात्काळ कळवावे' एवढंच लिहिलंत तर रात्री दोन वाजता वॉचमन कुणालाच कळवत नाही, सकाळची वाट बघतो. शिवाय वॉचमनलाही त्या प्रशिक्षणात बसवा. आमच्याकडे प्रशिक्षणं नेहमी दुपारी व्हायची, तेव्हा तो घरी झोपलेला असायचा.